फ्रीजमधला कॅन आणि मैद्याची पावलं

१

"माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही," हॉस्पिटलच्या लॅबच्या काउंटरवर पांढरा कॅन ठेवत भावोजी म्हणाले. "फ्रीजमधून काढला तो थेट इथे. वाटेत मांडीवर धरून बसलो होतो. एक थेंब इकडचा तिकडे नाही."

लॅबमधल्या मुलीने कॅन उचलला, हलवला, झाकण उघडून वास घेतला. मग तिने भावोजींकडे जरा काळजीने बघितलं.

"पेशंट कोण तुमच्या?"

"बायको."

"बऱ्या आहेत ना?"

"ठणठणीत! म्हणून तर किडनी देतेय. सख्ख्या भावाला."

"काका," मुलगी हळूच म्हणाली, "ही लघवी चिकट आहे. आणि हिला व्हॅनिलाचा वास येतोय."

भावोजींनी कॅनमध्ये बोट बुडवायला घेतलं आणि ऐनवेळी मागे घेतलं. डोक्यात लख्ख उजेड पडला. बेकरीत बनवर फिरवायचा साखरेचा पाक अगदी अशाच पांढऱ्या कॅनमध्ये आणि घरच्या त्याच फ्रीजमध्ये असायचा. म्हणजे पाक इथे आला. आणि बायकोची चोवीस तासांची, थेंब थेंब साठवलेली लघवी...

त्यांनी बेकरीत फोन लावला. क्रीममास्तरांनी उचलला.

"मास्तर, काय करताय?"

"काय करणार? बनांना चकाकी देतोय. ब्रश बुडवलाय नुकता."

"ब्रश खाली ठेवा!" भावोजी एवढ्या जोरात ओरडले की रांगेतल्या एका आजोबांनी आपल्या हातातली बाटलीही खाली ठेवली.

बन वाचले. खरा कॅन तासाभराने लॅबमध्ये पोचला. मुलीने तो भावोजींच्या हातून घेतला नाही. रिक्षावाल्याच्या हातून घेतला.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला, आणि घरातलं हसू आटलं. बायकोच्या, म्हणजे ताईंच्या, लघवीत प्रथिनं सापडली होती, तीही भरपूर.

२

सगळी गल्ली त्यांना भावोजी म्हणायची, कारण सगळी गल्ली त्यांच्या बायकोला ताई म्हणायची. बेकरी ताईंची. भट्टी, हिशेब, गिऱ्हाइकांची भांडणं, सगळं ताईंचं. भावोजी एका भल्यामोठ्या दुकानातून निवृत्त झाले होते. तिथे गिऱ्हाईक बनून हिंडायचं आणि पदराखाली, कोटाखाली, छत्रीत सामान लपवणाऱ्यांना पकडायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी काम बंद केलं, पण हिंडणं आणि संशय घेणं चालू ठेवलं. दुपारी जेवण झाल्यावर ते आरामखुर्चीत पडून डोळे मिटायचे. त्याला झोप म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "मी विचार करतोय," असं ते घोरण्याच्या दोन फेऱ्यांमध्ये सांगायचे.

ताईंचा धाकटा भाऊ लोकांना गाडी शिकवायचा. त्याच्या दोन्ही किडन्यांनी मान टाकल्यापासून आठवड्यातले निम्मे दिवस तो हॉस्पिटलच्या यंत्राला जोडलेला असायचा. दोघांच्या आईंना वयामुळे आणि साखरेमुळे डॉक्टरांनी दारातूनच परत पाठवलं होतं. बाकी कुणाची किडनी त्याला जुळेना. जुळली ती फक्त ताईंची. सुरुवातीच्या सगळ्या तपासण्या ताई पहिल्या नंबराने पास झाल्या, ऑपरेशन ठरत आलं, आणि आता हे.

किडनीच्या डॉक्टरबाईंनी सगळ्यांना समोर बसवलं. आदल्या दिवशी बेकरीची साप्ताहिक सुट्टी होती, ती धाकट्याकडे घालवून सकाळी झाडून सगळं घर तिथूनच हजर.

"ताई, ताप आला होता का त्या दिवशी? जळजळ? की काही जड व्यायाम, पळणं-बिळणं?"

ताईंनी तोंड उघडलं. तेवढ्यात भावोजी हसले.

"ही? आणि पळणं? डॉक्टर, लग्न झाल्यापासून हिला मी पळताना बघितलेलं नाही. बस सुटत असली तरी ही बसवाल्यालाच थांबायला लावते."

सगळे हसले. ताईंनी तोंड मिटलं.

डॉक्टरबाईंनी तिथल्या तिथे ताजी लघवी घेऊन पट्टी बुडवली. पट्टीचा रंग बदलेना. "गंमत आहे. आज काहीच नाही. आणि त्या कॅनमध्ये एवढं!" त्यांनी पेन खाली ठेवलं. "पुन्हा एकदा चोवीस तासांचा कॅन द्या. पण स्पष्ट सांगते. किडनीची चाळणी गळकी असेल, तर ती मी याला देणार नाही आणि ताईंची काढणारही नाही. दोघांचंही नुकसान होईल."

धाकट्याचा उजवा पाय खुर्चीखाली कचकन दाबला गेला. गाडी शिकवणाऱ्याची सवय. समोर खड्डा दिसला की याचा पाय ब्रेक शोधायचा.

बाहेर पडताना भावोजी मागे राहिले. "डॉक्टर, समजा कुणी कॅनमध्ये अंड्याचं पांढरं टाकलं तर?"

"तर प्रथिनं दिसतील. पण असं कोण करेल?"

भावोजींनी कोटाची कॉलर वर केली. "कॅन तासभर बेकरीत बेवारस पडला होता. आणि बेकरीत, डॉक्टर, अंडी असतात."

३

पहिली चौकशी सासूबाईंची. त्या मुलीची काळजी घ्यायला म्हणून राहायला आल्या होत्या आणि आल्यापासून फ्रीजशी त्यांचं वैर होतं.

"आई, खरं सांगा. तुम्ही कॅनला हात लावला होता?"

"लावला की! दुधाच्या शेजारी ठेवलेला. चिमट्याने धरून खालच्या कप्प्यात ढकलला."

"तुमचं मन होतं का या ऑपरेशनला?"

सासूबाईंनी हातातला भाजीचा चाकू खाली ठेवला. "जावईबापू, एकाच दिवशी माझी दोन्ही लेकरं टेबलावर. एक वाचलं नाही तर दुसऱ्याकडे कुठल्या तोंडाने बघू? नाहीच माझं मन. पण मन नाही म्हणून मी लघवीत अंडी फोडेन? अंडी काय भाव झालीत माहितेय?"

हेतू होता, संधी होती, चिमटाही होता. भावोजींनी मनात खूण केली.

दुसरी चौकशी धाकट्याची. त्याने आडवळण घेतलंच नाही.

"भावोजी, मी डॉक्टरांना आधीच सांगितलंय. ताईला जरासुद्धा त्रास होणार असेल, तर मला तिची किडनी नको. तिने माझ्यासाठी जिवाचं रान केलेलं मला कळलं ना, त्या दिवशी मी संमतीवरची सही मागे घेईन."

"म्हणजे रिपोर्ट बिघडला तर तुझ्या मनासारखं?"

"मला यंत्राला जोडून घ्यायची हौस आहे का?" तो म्हणाला. "पण तिला जोडलेलं बघायची त्याहून नाही."

यालाही हेतू होता, आणि फार चांगला हेतू होता. चांगल्या हेतूने केलेल्या चोऱ्या पकडायला सगळ्यात अवघड, हे भावोजींना दुकानातल्या अनुभवाने माहीत होतं.

तिसरे क्रीममास्तर. केकवर क्रीमची गुलाबं काढण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे, म्हणून हे नाव. ताई दीड-दोन महिने बेकरीत नसणार, या कल्पनेनेच त्यांची गुलाबं हल्ली कोमेजल्यासारखी निघत होती.

"मलाच विचारताय?" मास्तर भडकले. "मीच तुम्हाला विचारणार होतो! माझी अंड्याची पांढरी कोण पळवतंय? केकसाठी पिवळी वेगळी करून पांढरी वाडग्यात ठेवतो, दुपारनंतर वाडगा धुतल्यासारखा. आणि गोदामातलं एक मैद्याचं लहान पोतं दुपारी नसतं, चहाच्या वेळी असतं! पोत्याला पाय फुटलेत की काय?"

"पोत्याचं राहू द्या," भावोजी म्हणाले. "पांढऱ्याचं बोला. सुट्टीच्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

"सुट्टीच्या दिवशी? घरी! सुट्टी होती!"

भावोजींनी डोळे बारीक केले. सुट्टीच्या दिवशी मास्तर नव्हते, आणि दुसऱ्या दिवशी पट्टी कोरी निघाली होती. वा!

त्या संध्याकाळी फिरायला जायला निघाले तर त्यांचे जुने खेळाचे बूट जागेवर नव्हते. चोर घरात वावरत होता आणि त्याच्या पायाचं माप भावोजींएवढंच होतं, यात आता शंकाच उरली नाही. ताईंना सांगावं म्हणून ते वळले, तर ताई जेवणाच्या ताटावरच बसल्या बसल्या झोपी गेल्या होत्या. भट्टीच्या कामाने बिचारी दमते, असं म्हणून भावोजींनी तिच्या हातातला घास अलगद काढून ठेवला.

४

दुसऱ्या कॅनच्या वेळी भावोजींनी दुकानातली सगळी विद्या पणाला लावली. पाकाचे झाडून सगळे कॅन माळ्यावर गेले. घरातला फ्रीज रिकामा केला. दूध, लोणी, सासूबाईंची औषधं शेजारी गेली. आत फक्त कॅन. फ्रीजच्या दारावर आडवा काळा दोरा, दोऱ्याच्या गाठीवर मेण. दोरा तोडायचा आणि नवा लावायचा अधिकार एकट्या भावोजींना. आणि एवढं करून ते स्वतः दाराला पाठ लावून स्टुलावर बसले.

"अहो, मला जायचंय," ताई दर थोड्या वेळाने म्हणायच्या.

"पासवर्ड?"

"तुमचं डोकं!"

"बरोबर," म्हणत भावोजी दोरा तोडायचे.

सकाळभर पहारा अभेद्य होता. दुपारी जेवणानंतर भावोजींनी, स्टुलावरच, पाठ दाराला लावून, थोडा विचार केला. विचार चांगला दणदणीत झाला असावा, कारण शेजारणीने भिंत ठोठावली. जाग आली तेव्हा पाठीमागे दार जसंच्या तसं होतं, दोरा शाबूत, मेण शाबूत. ताई न्हाणीघरातून ओले केस पुसत बाहेर येत होत्या.

"या वेळी अंघोळ?"

"भट्टीपाशी उकडतं हो," ताई म्हणाल्या. चेहरा लालबुंद झाला होता.

कॅन लॅबमध्ये नेताना भावोजींनी झाकण उघडून आधी स्वतः वास घेतला. रिक्षावाला म्हणाला, "साहेब, शौक म्हणायचा की काय?" त्यांनी लक्ष दिलं नाही.

रिपोर्ट आला. प्रथिनं पहिल्यापेक्षा जास्त. शिवाय त्याच दिवशी दिलेल्या रक्तात क्रिएटिनिनही थोडं चढलेलं. किडनी कचरा नीट बाहेर टाकतेय की नाही ते त्यावरून कळतं.

डॉक्टरबाईंनी फोनवर सांगितलं, "पुढच्या आठवड्यात ऑपरेशनला परवानगी देणाऱ्या समितीची बैठक आहे. तोवर उलगडा झाला नाही, तर ताईंचं नाव मला मागे घ्यावं लागेल."

धाकटा ते ऐकून नुसता पाय दाबून बसला.

५

भावोजींनी सगळ्यांना बेकरीत जमवलं. पावाच्या ट्रेमागे सासूबाई, पिठाच्या मशीनला टेकून धाकटा, टेबलापाशी क्रीममास्तर, हातात क्रीमची पिशवी. ताई तेवढ्या दिसत नव्हत्या.

"ती कुठे आहे?"

"गोदामात काहीतरी आहे म्हणाली," सासूबाई म्हणाल्या.

"हरकत नाही. तिला त्रास नको." भावोजींनी दोन्ही हात मागे बांधले. "मंडळी, या बेकरीतून अंड्याची पांढरी गायब होतात. त्याच दिवशी कॅनमध्ये प्रथिनं सापडतात. सुट्टीला मास्तर नसतात, तेव्हा पट्टी कोरी. ताई दोन महिने नसली की सगळी भट्टी अंगावर पडणार, हे मास्तरांना नकोय. मास्तर, कबूल करा!"

मास्तरांचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग लाल, अगदी त्यांच्या गुलाबासारखा.

"ताईंनी मला हे काम शिकवलं," ते म्हणाले. "माझ्या बायकोच्या बाळंतपणात त्यांनी एकट्यांनी माझंही काम सांभाळलं. त्यांच्या भावाच्या जिवाशी मी खेळेन? मी?"

आणि त्यांनी हातातली पिशवी दाबली. गुलाब काढणाऱ्याचा हात. नेम चुकला नाही. भावोजींच्या डाव्या कानापासून उजव्या कानापर्यंत अखंड नागमोडी किनार उमटली.

"शाब्बास," सासूबाई म्हणाल्या. "आणि जावईबापू, तुम्ही तर दाराला पाठ लावून बसला होतात ना? मग या गरिबाने पांढरं टाकलं कुठून? तुमच्या नाकातून?"

भावोजींचं तोंड उघडं राहिलं. त्यात थोडं क्रीम गेलं. क्रीम उत्तम होतं.

६

मोरीत कान धुता धुता भावोजींना पहिल्यांदाच खरोखरचा विचार करावा लागला, तोही डोळे उघडे ठेवून.

दोरा तुटला नाही. मेण हललं नाही. कॅनपर्यंत कुणी गेलंच नाही, आणि तरी प्रथिनं आली. दुकानात असं एकदाच झालं होतं. सगळ्या दारांवर पहारा आणि तरी आतले हातमोजे संपत चाललेले. तेव्हा त्यांच्या साहेबांनी सांगितलं होतं, "पहाऱ्यातून माल गेला तर दाराकडे बघू नकोस. आतल्या माणसाकडे बघ."

कॅनमध्ये कुणी काही टाकलंच नव्हतं. प्रथिनं ताईकडूनच आली होती. पण मग सुट्टीनंतर पट्टी कोरी का? सुट्टीच्या दिवशी ताई काय करत नाही, जे एरवी करते?

सुट्टीच्या दिवशी ते सगळे धाकट्याकडे जातात. आणि धाकट्याकडे आरामखुर्ची नाही. म्हणजे सुट्टीच्या दिवशी भावोजी दुपारी झोपत... विचार करत नाहीत, आणि ताईला लपून काही करायला सवड मिळत नाही.

त्यांनी कान अर्धाच धुतला आणि गोदामाकडे धाव घेतली. मैद्याच्या थप्पीतलं एक लहान पोतं नव्हतं. मागच्या दारापासून पांढरी पावलं बाहेर गेली होती. भावोजींनी वाकून बघितलं आणि त्यांच्या अंगावर काटा आला. उजव्या टाचेची बाहेरची कड झिजलेली. हे त्यांचेच बूट!

पावलं गल्ली ओलांडून समोरच्या कारपार्किंगच्या इमारतीत शिरली. जिन्यात शिरली. वर गेली. खाली आली. पुन्हा वर गेली. पायऱ्यांवर पावलांवर पावलं इतकी पडली होती, जणू एखादी पांढरी पलटण चढून गेली असावी.

वरून धप धप आवाज आला. भावोजी एका खांबाआड झाले.

जिन्यावरून ताई उतरल्या. खांद्यावर मैद्याचं पोतं, साडी कमरेला घट्ट खोचलेली, पायात भावोजींचे बूट. घामाने निथळत होत्या. तळाला आल्या, भिंतीला हात लावला, पोतं या खांद्यावरचं त्या खांद्यावर घेतलं आणि पळतच पुन्हा वर निघाल्या. पळत! भावोजींनी लग्न झाल्यापासून न बघितलेली गोष्ट त्यांच्या डोळ्यांसमोर जिना चढत होती, आणि अशी चढत होती की एखाद्या तरण्याताठ्या हमालाने टोपी काढावी.

"अगं!" ते ओरडले, पण ती तोवर वरच्या वळणाआड गेली होती. ते मागे धावले. पहिल्या मजल्यावर कोट काढला. दुसऱ्यावर कठडा धरला. तिसऱ्यावर खाली बसले. गच्चीवर पोचले तेव्हा ताई पोत्यावर बसून वाडग्यातलं अंड्याचं पांढरं पीत होत्या.

"अहो! तुम्ही इथे? आणि कानात काय ते?"

"क्रीम," भावोजी धापा टाकत म्हणाले. "तू... हे... कशाला?"

ताईंनी तोंड पुसलं. लपवायला आता काही उरलं नव्हतं.

"डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, ऑपरेशनपर्यंत तब्येत चांगली ठेवा. मी म्हटलं, चांगली म्हणजे किती चांगली? पीठ जेवढं मळावं तेवढा पाव चांगला फुगतो. अंगाचंही तसंच असणार. त्याला द्यायची ती किडनी चांगली मळून, कमावून द्यावी. माझ्या घरातून कच्चा पाव कधी बाहेर गेलाय?"

"आणि कॅनच्या दिवशी?"

"कॅनच्या दिवशी जास्त मळायचे. परीक्षाच ना ती! पहिला रिपोर्ट वाईट आला, तेव्हा वाटलं मळणं कमी पडलं. म्हणून दुसऱ्या वेळी डबल."

भावोजी कपाळाला हात लावून बसले. "मग डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलणार होते. पण तुम्ही बोललात. आणि शेजारी धाकटा बसलेला. मी त्याच्यासाठी पोती उचलतेय कळलं असतं, तर त्याने सही मागे घेतली असती. तुम्हाला सांगितलं असतं, तर रात्रीपर्यंत गल्लीला कळलं असतं."

हे दोन्ही खरं होतं. भावोजींनी खाली वाकून तिच्या पायातल्या बुटाची सुटलेली नाडी बांधली. जन्मभर त्यांनी लोकांनी काय काय लपवलं ते शोधलं होतं; एवढं मोठं काही कुणी लपवलेलं त्यांनी बघितलं नव्हतं.

"चल," ते म्हणाले. "पोतं मी घेतो."

त्यांनी पोतं उचललं. मग ते ताईंनी घेतलं.

७

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: "पोतं घेऊन? किती मजले?" उत्तर ऐकून त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी लिफ्ट बंद असली की ओपीडी खालीच घेते."

मग त्यांनी समजावलं. किडनी म्हणजे चाळणी. रक्त चाळायचं, कचरा खाली सोडायचा, प्रथिनं वर ठेवायची. माणूस जीव तोडून पळतो तेव्हा रक्त पायांकडे धावतं आणि किडनीच्या वाट्याला कमी येतं. त्या ओढाताणीत चाळणीची भोकं थोडा वेळ सैल होतात, थोडी प्रथिनं निसटतात, आणि खाली गेलेली परत उचलून घेणाऱ्या नळ्यांनाही ती आवरेनाशी होतात. व्यायाम जेवढा जोराचा तेवढी गळती जास्त. नुसतं चालल्याने असं होत नाही.

"आणि क्रिएटिनिन?" धाकट्याने विचारलं. तो आज सगळं ऐकायचंच म्हणून आला होता.

"तेही अशा मेहनतीनंतर थोडं चढतं. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांच्या विश्रांतीत सगळं जागेवर येतं. ताईंच्या बाबतीत तेच असेल, तर तो आजार नाही. पण 'असेल तर' म्हणतेय मी. हे पुराव्याने सिद्ध करावं लागेल. चार दिवस पूर्ण आराम, मग कॅन."

"अंड्याचं पांढरं?"

"ते पोटात गेलं, डॉक्टरांना चालेल. मास्तरांना विचारा."

धाकट्याने बहिणीकडे बघितलं. सगळ्यांना वाटलं, आता तो सही मागे घेणार.

"ताई," तो म्हणाला, "मी आता नाही म्हणालो तर ते पोतं माझ्या डोक्यात घालशील ना?"

"दोन घालीन."

"मग राहू दे," तो म्हणाला, आणि खुर्चीखाली त्याचा पाय पहिल्यांदाच ब्रेकवरून उचलला गेला.

ते चार दिवस घरादाराला जड गेले. ताईंना खुर्चीत बसवून ठेवणं म्हणजे भट्टीला शांत राहा म्हणण्यासारखं. त्या उठल्या की सासूबाई चिमटा घेऊन आडव्या यायच्या. क्रीममास्तरांनी एकट्याने भट्टी सांभाळली, आणि ताईंना रोज केकवरचं एक गुलाब पाठवलं. भावोजींना मात्र पाठवलं नाही. भावोजींनी स्वतः जाऊन माफी मागितली, तेव्हा त्यांना एक पाकळी मिळाली.

तिसऱ्या कॅनवर ना दोरा होता ना मेण. तो दुधाशेजारी उभा राहिला आणि सासूबाईंनी काही म्हटलं नाही.

रिपोर्ट स्वच्छ आला. क्रिएटिनिन जागेवर. डॉक्टरबाईंनी खात्रीसाठी आणखी एकदा तपासलं, तेही स्वच्छ. समितीने सह्या केल्या.

ऑपरेशनच्या दिवशी सासूबाई बाकावर बसल्या, एक डोळा या दारावर आणि एक त्या दारावर ठेवून. डॉक्टरबाई बाहेर आल्या त्या हसतच. "किडनी बसवली आणि टेबलावरच कामाला लागली. अशी चालू झालीय, की नर्सना पिशव्या बदलायला फुरसत नाही."

"लागणारच," भावोजी म्हणाले. "बेकरीवालीची आहे. भल्या पहाटे उठायची सवय आहे तिला."

ताई शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलल्या ते म्हणजे, "पाव लावले का?"

आठवड्याने ताई घरी आल्या. त्यांना दीड महिना काही उचलायचं नव्हतं. म्हणून तिच्या वाटचं मळणं आपणच करावं असं ठरवून भावोजींनी एका दुपारी, आरामखुर्चीकडे न बघता, स्वतःचे बूट घातले, मैद्याचं सगळ्यात लहान पोतं खांद्यावर घेतलं आणि कारपार्किंगचा जिना चढायला घेतला. चौथ्या मजल्यावर ते एका निळ्या गाडीच्या टपावर आडवे सापडले. पोतं फुटलं होतं. गाडी पांढरी झाली होती.

हॉस्पिटलमध्ये त्यांना, अजून तिथेच असलेल्या धाकट्याच्या समोरच्या खोलीत पलंग मिळाला. डॉक्टरबाईंनी विचारलं, "काही जड व्यायाम झाला होता का?"

भावोजींनी तोंड उघडलं. तेवढ्यात सासूबाई हसल्या.

"हे? आणि व्यायाम? छे!"

संध्याकाळी रिपोर्ट आला. लघवीत प्रथिनं, तीन अधिक चिन्हांची, म्हणजे भरपूर. त्यांना दोन दिवस ठेवून घेतलं आणि एक पांढरा कॅन दिला.